सारथि आणि घोडे

कठोपनिषदांत इंद्रियांस घोडे, मनास लगाम आणि बुद्धीस सारथि म्हटलें आहे. हें रूपक आपल्या अंगीं इतकें मुरलें आहे कीं, अभ्यासांत लक्ष न लागणाऱ्या मुलास ‘जरा मन आवर’ असें बजावतांना आपणांस क्षणभरही शंका येत नाहीं. मीही माझ्या पुतण्यास वर्षानुवर्षें हेंच सांगत आलों. पुढें उंदराच्या मेंदूविषयीं कांहीं वाचनांत आलें, आणि सारथि व घोडे खरोखर निराळे आहेत काय, असा प्रश्न पडला.

स्वीडनमध्यें १९६४ सालीं डाल्स्ट्रॉम व फुक्से यांनीं उंदराच्या मेंदूंत डोपामिन व नॉरअॅड्रिनलिन यांच्या पेशी कोठें वसतात तें दाखविलें. नॉरअॅड्रिनलिनचें मुख्य ठाणें मेंदूच्या देठांत. एका बाजूस पेशी अवघ्या सुमारें १५००, पण त्यांचे तंतू मेंदूभर पसरलेले. जागरूकता त्यांच्याकडे आणि ओढ डोपामिनकडे, अशी स्थूल वांटणी करतात. सारथि आणि घोडे सांपडलेच म्हणावयाचें!

परंतु नॉरअॅड्रिनलिन तयार होतें तें डोपामिनपासूनच. शिवाय कपाळामागील जो भाग आवर घालतो, तेथें डोपामिन परत ओढून घेण्याचें काम बव्हंशीं नॉरअॅड्रिनलिनचेच वाहक करतात. हे वाहक अडविणारें ॲटोमॉक्सेटिन उंदरांस दिलें असतां त्या भागांत दोन्ही द्रव्यें वाढतात, लालसेशीं निगडित अशा खोल भागांत मात्र डोपामिन वाढत नाहीं, असें २००२ सालीं प्रसिद्ध झालें. हेंच औषध लक्ष न लागणाऱ्या मुलांस देतात. लगाम घोड्याच्याच कातड्याचा निघाला.

एवढ्यावरून जबाबदारी नाहींशी होते, असें मी म्हणत नाहीं. उंदरावरून माणसाचा न्याय करण्यासही मर्यादा आहेत. मला बोंचतें तें वेगळेंच. हीं द्रव्यें बेताचीं असलीं तर आवर घालणारा भाग नीट चालतो. ताणानें तीं अति झालीं कीं तोच भाग ढिला पडतो, हें उंदरांवरील प्रयोगांतच दिसलें आहे. मी पुतण्यास ‘मन आवर’ म्हणत असें तें हातांत पट्टी घेऊन. त्याचें गणित नेमकें तेव्हांच चुके, आणि हा निव्वळ हट्ट आहे, अशी आम्हां सर्वांची खात्री असे. आवरण्याची आज्ञा देणारानेंच आवरण्याची शक्ति हिरावली असेल, तर दोष कोणाच्या पदरीं घालावयाचा?

पुतण्या आतां चाळिशींत आहे. त्याच्या मुलीचेंही गणित कच्चें. परवां त्यानें मलाच शिकवावयास बोलाविलें. ‘काका, पट्टी नाहीं आणली?’ असें त्यानें हंसत विचारलें. मला हंसतां आलें नाहीं.