टायरची निवड आणि प्रमादाचा दोष

बीएमडब्ल्यू 520डी किंवा मर्सिडीज ई 220डी या वर्गातील डिझेल गाडीचे वजन दीड टनापेक्षा जास्त भरते आणि अलीकडच्या पिढीत तिचा टॉर्क 400 न्यूटन-मीटरच्या घरात असतो. हा सारा भार रस्त्याला टेकतो तो टायरांखालच्या, जेमतेम तळहाताएवढ्या चार जागांवर. टायर झिजले की नवे कोणते आणि कधी घ्यायचे, हा प्रश्न बहुधा खर्चाचा मानला जातो. प्रत्यक्षात तो हिंसा-अहिंसेचाही आहे, आणि त्याचा सर्वांत नेमका विचार जैन आचारशास्त्रात सापडतो.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्राणहानीला प्रमादाशी, म्हणजे बेसावध वर्तनाशी, जोडले आहे. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात त्याहून पुढे जातात. समोरचा जीव वाचला तरी बेफिकीर वागणाऱ्याकडून हिंसा घडलीच, आणि सावधपणे वागणाऱ्याला निव्वळ प्राणहानीमुळे कर्मबंध लागत नाही, असे ते मानतात. याच मुद्द्यावर तत्त्वज्ञ टॉमस नेगेल यांनी 1976 साली नैतिक नशिबाची, म्हणजे दोष योगायोगावर अवलंबून असतो का याची, चर्चा करताना ब्रेक तपासून न घेतलेल्या ट्रकचालकाचे उदाहरण घेतले होते. मूल आडवे आले तर तो स्वतःला जन्मभर दोष देईल. आले नाही तर त्याला काही आठवणारही नाही. हलगर्जीपणा मात्र दोन्हीकडे तेवढाच. नेगेल यांच्यापुढे हे कोडे शेवटपर्यंत राहते. कुंदकुंदांच्या भूमिकेत ते उरतच नाही, कारण दोष ब्रेक न तपासतानाच लागलेला असतो. टायरच्या बाबतीत हीच भूमिका अधिक पटते.

ओल्या रस्त्यावर या दोषाचे माप काढता येते. दोन गाड्या ताशी 80 किलोमीटर वेगात एकाच ठिकाणी ब्रेक लावतात असे समजावे. चांगल्या टायरांच्या गाडीचा घर्षणांक 0.8 आणि झिजलेल्या टायरांच्या गाडीचा 0.5 धरला, तर पहिली सुमारे 31.5 मीटरांत थांबते. त्याच जागी पोचलेली दुसरी अजून ताशी जवळपास 49 किलोमीटर वेगात असते. खाचांची खोली 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्याने बाद ठरतो. पाणी बाजूला सारण्याची त्याची ताकद मात्र बरीच आधी ओसरते. त्यामुळे कायद्याची मर्यादा पाळली एवढ्याने प्रमाद टळत नाही.

मग सावधपणा किती असावा? जैन विचारात गृहस्थाकडून महाव्रताची, म्हणजे संपूर्ण अहिंसेची, अपेक्षा नाही; अणुव्रताची, म्हणजे मर्यादित व्रताची, आहे. गाडी वापरण्यात थोडी हिंसा होणारच, हे त्यात गृहीत आहे. सर्वांत महाग टायर घेण्याचे बंधन त्यातून निघत नाही. निघते ते एवढे, की गाडीला लागणाऱ्या भारांकापेक्षा कमी भारांकाचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. 245/45 आर18 100 वाय या खुणेतला 100 हा भारांक एका टायरवर 800 किलो भार चालतो असे सांगतो. हवेचा दाब न तपासण्यात तर काही बचतही नाही. निष्कारण हिंसा टाळण्याच्या अनर्थदंडविरमण व्रतात प्रमादचर्या म्हणून जे वर्ज्य मानले आहे, त्यात हे सरळ बसते.

युरोपात 2012 पासून टायरच्या लेबलवर इंधनखर्च, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांची श्रेणी छापावी लागते. इंधनाची बचत मालकाच्या खिशात जाते, पकडीचा लाभ रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही मिळतो आणि आवाज शेजारी सोसतो. लांबचा प्रवास करणारा डिझेल गाडीचा मालक साहजिकच पहिली श्रेणी बघतो. ज्याला या खरेदीत बोलता येत नाही त्याचा जीव दुसरीवर अवलंबून आहे, म्हणून ती आधी बघायला हवी. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे बसवावेत, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. मागची चाके घसरली की गाडी सावरणे फार अवघड असते.

अशा गाडीचा मालक पुष्कळदा मागच्या सीटवर असतो आणि चालवतो ड्रायव्हर. जैन विचारात कर्म कृत (स्वतः केलेले), कारित (दुसऱ्याकडून करवलेले) आणि अनुमोदित (संमती दिलेले) अशा तिन्ही प्रकारे लागते. टायर बदलायला हवेत असे ड्रायव्हरने सांगूनही ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणारा मालक कारिताचा वाटेकरी होतो. ‘अजून चालतील’ म्हणणाऱ्या टायरवाल्याच्या वाट्याला अनुमोदन येते, पण त्याने मालकाचा वाटा कमी होत नाही.