प्राणायामाचा अधिकार

सुरतेच्या लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत उधना-जळगाव लोहमार्गाने आलेली खानदेशी कुटुंबे आता पिढीजात रहिवासी झाली आहेत, आणि त्यांतील पुष्कळांचे आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात व तंतूंच्या धुळीत गेले असल्यामुळे उतारवयात कोणाला दम्याने गाठले तर त्याचे तेथे फारसे नवल वाटत नाही. अशा रोग्याला प्राणायाम शिकवावा की नाही, हा प्रश्न वरवर वैद्यकाचा दिसतो; पण त्याच्या बुडाशी अधिकारभेदाचा, म्हणजे कोणत्या साधनेला कोण पात्र याचा, जुना वाद आहे. अष्टांगयोगातील या चौथ्या अंगाकडे, यमनियमांची दखलही न घेता, केवळ छाती मोकळी व्हावी म्हणून जो येतो, त्याला त्याचा अधिकार पोहोचतो काय? मोक्षाचे साधन दम्याच्या उपचाराला जुंपणे हा त्याचा अधःपात होय, अशी तक्रार अनेक श्रद्धाळू माणसे करतात, आणि ती प्रामाणिक असल्यामुळे तिला आदरानेच उत्तर दिले पाहिजे.

पतंजलीने चित्ताच्या अंतरायांची जी गणना केली तिच्यात अग्रस्थान व्याधीला दिले, आणि त्या विक्षेपांचे सोबती म्हणून दुःख व दौर्मनस्य यांच्या पंक्तीला विस्कळित श्वासप्रश्वासही बसवला. ज्याचा श्वासच मोडला आहे तो मनुष्य, या हिशेबाने, योगशास्त्राच्या अगदी उंबरठ्याशी उभा आहे. त्याला परत पाठविण्याची मुभा शास्त्राने कोणाला दिलेली मला तरी आढळत नाही.

या वादाचा निकाल व्यवहारात लावणारे दोन पुरुष याच टापूशी संबंधित होते. त्या काळच्या सुरत जिल्ह्यातील देगाम गावी 1897 साली जन्मलेले मणिभाई देसाई, म्हणजे पुढील श्रीयोगेंद्र, यांनी 1918 मध्ये मुंबईस वर्सोव्याला योगसंस्था काढून संसारी माणसाला योगाचे दार उघडले. डभोईस जन्मलेले मराठी गृहस्थ जगन्नाथ गणेश गुणे यांनी अमळनेरास अध्यापन केले आणि पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले; योगक्रियांची क्ष-किरणांनी तपासणी त्यांनी त्यापूर्वीच आरंभिली होती. दोघांचेही गुरू नर्मदाकाठच्या मालसरचे परमहंस माधवदास. एका विरक्ताच्या शिष्यांनी रोग्यांसाठी आपली विद्या खुली करावी, हा दाखला मला फार मोलाचा वाटतो.

दम्याचा झटका आलेला माणूस जवळून पाहावा. रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी तो अंथरुणात उठून बसतो, दोन्ही हात मांड्यांवर रोवतो, खांदे वर चढवतो आणि तोंड उघडून हवा पुन्हापुन्हा आत ओढू पाहतो. वस्तुतः श्वासनलिका आकुंचित झाल्यामुळे व कफाने चिकटल्यामुळे आधीची हवाच पुरती बाहेर गेलेली नसते, आणि फुगून राहिलेल्या छातीत नव्या हवेला जागा उरत नाही. म्हणून झटका नसतानाच्या दिवसांत त्याला रेचक, म्हणजे श्वास सोडणे, शिकवावयाचा: ओठांचा चंबू करून, जोर न लावता, घेताना चार अंक तर सोडताना आठ, कुंभक म्हणजे श्वास रोखणे वर्ज्य. ऐकताना हे सोपे वाटते. परंतु ज्याचा कणन्‌कण हवेसाठी आक्रोश करतो आहे त्याने जवळ असलेला श्वास स्वेच्छेने सोडून द्यावा, ही मागणी लहान नाही. जगण्याला चिकटून राहण्याची जी वृत्ती विद्वानालाही सोडत नाही, जिला योगशास्त्र अभिनिवेश म्हणते, तिची गाठ या रोग्याशी पुस्तकात पडत नाही, उशाशी पडते; आणि त्या भयाच्या ऐन अंमलात जो आठ अंक मोजतो, त्याने वैराग्याचा पहिला पाठ गिरवला असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. मोक्षाची इच्छा त्याच्या मनात नसेल. साधना मात्र खरी आहे.

याचा अर्थ औषध सोडावे असा कोणी काढील तर तो अनर्थ होईल. चरकाने तमकश्वास, म्हणजे दमा, जुनाट झाला की याप्य मानला, म्हणजे उपचारांच्या आधाराने सांभाळून न्यावयाचा. समूळ उच्चाटनाचे आश्वासन त्याने दिले नाही. हठयोगप्रदीपिकेने तर चुकीच्या प्राणायामाने उत्पन्न होणाऱ्या विकारांत दम्याचेच नाव घातले आहे. बंगळूरच्या नागरत्ना व नागेंद्र यांनी 53 दमेकऱ्यांची तितक्याच समदुःखी रोग्यांशी तुलना करून 1985 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात योगाभ्यास करणाऱ्यांचे झटके व औषधांची गरज कमी झाल्याचे दिसले; परंतु कमी होणे आणि संपणे यांत अंतर आहे, आणि औषधाचा पंप फेकून द्या असे सांगणारा गुरू माझ्या मते हिंसेचा दोषी आहे. ओठ निळे पडू लागले, वाक्य पुरे करता येईना, तर अंक मोजत न बसता रुग्णालय गाठले पाहिजे.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. श्वासरोगाची कारणे सांगताना चरक धूळ आणि धूर यांचा उल्लेख आरंभीच करतो, आणि कारण टाळणे हा तर आयुर्वेदाच्या चिकित्सेचा पाया आहे. माग चालविणाऱ्याला आपण संयमाचा उपदेश करतो तेव्हा ज्या खोलीत तो संबंध पाळी उभा असतो तेथील हवा त्याच्या ताब्यात नसते. ती मालकाच्या ताब्यात असते. धूळ ओढून घेणारे पंखे, उघडता येणाऱ्या खिडक्या, तोंडाला बांधावयाची पट्टी यांची तजवीज मालकाने करावयाची आहे, आणि अहिंसेचा यम त्यालाही लागू होतो.