उष्टे उडीद आणि उष्टे पाणी

गेल्या फाल्गुनात केज तालुक्यातल्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताहात आमची सेवा होती. कीर्तन संपले, आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगली. मंडपाच्या खांबापाशी एक तरुण डॉक्टर उभे होते, ते तसेच उभे राहिले. टाळकरी चहाला गेले तेव्हा जवळ आले, पायांवर डोके ठेवले आणि म्हणाले, "महाराज, एक विचारू का? कीर्तनातलं नाही, माझंच आहे."

२०२१ सालच्या एप्रिलातली गोष्ट. कोरोनाची दुसरी लाट चालू होती. एका लहानशा दवाखान्यात हे रात्रपाळीला एकटे. ऑक्सिजनचा सिलिंडर एकच उरलेला, आणि गाडी सकाळपर्यंत येत नाही असा निरोप. श्वासाला महाग झालेले रोगी दोन. एक सत्तरी उलटलेले गृहस्थ, त्यांच्यासाठी तीन मोठ्या माणसांचे फोन येऊन गेलेले. दुसरी पस्तिशीची बाई, ऊस तोडून नुकतीच गावी परतलेली. तिच्यासाठी कोण फोन करणार? डॉक्टरांनी सिलिंडर बाईला लावला. बाई वाचली. गृहस्थ पहाटे गेले.

"फोन आलेच नसते, महाराज, तर मी काय केलं असतं? ती जगण्याची आशा जास्त होती म्हणून दिला, की त्या फोनांचा राग आला म्हणून दिला, हे मला आजही सांगता येत नाही. मला पाप लागलं का?"

आम्ही उत्तर दिले. आपण निमित्तमात्र, कर्ता करविता पांडुरंग, चित्तात खंत धरू नका. कीर्तनकाराच्या तोंडी हे उत्तर तयारच असते. त्यांनी हात जोडले आणि ते गेले. पण चेहरा आला तसाच गेला. उत्तर खोटे नव्हते, त्यांच्या प्रश्नाचे नव्हते इतकेच. तेव्हापासून तो प्रश्न आमच्या झोळीत पडून आहे. आज तो वाचकांपुढे सोडतो.

दामाजीपंतांचे आख्यान आम्ही शेकडो वेळा लावले आहे. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठार रयतेला उघडून दिले. त्या कथेत धैर्य आहे, करुणा आहे, पण एक गोष्ट आमच्या ध्यानात इतक्या वर्षांत आली नव्हती. दामाजीपंतांचे कोठार भरलेले होते. कुलूप उघडायची तेवढी छाती हवी होती. या डॉक्टरांचे कोठारच रिकामे. तिथे छातीचा उपयोग काय?

तसेच रंतिदेवाचे. आपल्या वाटचे शेवटचे पाणी त्याने तहानेल्याला दिले, ते दान. पण सिलिंडर डॉक्टरांचा नव्हता. आपला प्राणवायू दुसऱ्याला देणारा त्यागी म्हणावा. तिसऱ्याचा प्राणवायू कोणाला द्यावा हे ठरविणारा त्यागी नव्हे, त्याला न्याय करावा लागतो. संकटकाळी त्यागाच्या कथा फार सांगितल्या जातात. त्या सांगून न्याय करण्याची जबाबदारी टळत नाही.

मग आधार कोठे पाहावा? आम्हांला छांदोग्य उपनिषदातील उषस्ति चाक्रायणाची कथा आठवली. गारपिटीने कुरुदेश उद्ध्वस्त झाला. उषस्ति पत्नीसह हत्तीवाल्यांच्या गावी दैन्यात राहिला होता. एक गृहस्थ उडदाच्या घुगऱ्या खात होता, त्याच्यापाशी याने मागितल्या. तो म्हणाला, माझ्या पानातल्या ह्याच, दुसऱ्या नाहीत. उषस्ति म्हणाला, त्यांतल्याच दे. घेतल्या, खाल्ल्या. गृहस्थाने पाणी पुढे केले तेव्हा मात्र तो म्हणाला, नको, ते उष्टे होईल. अहो, मग उडीद उष्टे नव्हते काय? तो म्हणाला, उडीद खाल्ले नसते तर जगलो नसतो. पाणी मला हवे तेव्हा मिळेल.

धर्मशास्त्रात मुख्यकल्प आणि अनुकल्प असे दोन शब्द आहेत. विधी जसा करावयास हवा तो मुख्यकल्प. साधन नसेल तेव्हा करावयाचा तो अनुकल्प. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचे पर्वच वेगळे आहे. २०२० साली पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटीच्या गाडीतून पंढरीला गेल्या, तो अनुकल्प. पायी सोहळा २०२२ साली पुन्हा निघाला. मुख्यकल्प करण्याचे सामर्थ्य असून जो अनुकल्पावर भागवितो त्याला फळ नाही, असेही स्मृतीने बजावून ठेवले आहे.

वैद्यकातही हाच विचार निघालेला पाहून आम्हांला नवल वाटले. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००९ साली, स्वाइन फ्लूच्या साथीच्या वेळी, आपत्काळात उपचाराची प्रत कशी ठरवावी यावर मार्गदर्शन केले. त्यात पायऱ्या आहेत. नित्याची सेवा, मग ओढाताण होते तेव्हाची, जीत जागा, माणसे, साहित्य काटकसरीने वापरून सेवा जवळजवळ पूर्वीइतकी ठेवता येते, आणि शेवटी खऱ्या संकटाची, जीत सर्वांना सर्व देता येत नाही. खालच्या पायरीवर गरजेशिवाय उतरायचे नाही, आणि वर येता येईल तितक्या लवकर वर यायचे. उडीद घ्यावे, पाणी घेऊ नये!

त्याच एप्रिलाच्या अखेरीस आमच्या अंबाजोगाईत बावीस मृतदेह एकाच रुग्णवाहिकेत कोंबून स्मशानात नेले गेले. देशभर बातमी झाली. ज्या गावी मुकुंदराजांची आणि दासोपंतांची समाधी, त्या गावचे नाव अशा कारणाने ऐकून आम्हांला दोन घास गेले नाहीत. रुग्णवाहिका अपुऱ्या होत्या हे कारण सांगण्यात आले. रात्रंदिवस राबणाऱ्या माणसांना आम्ही दोष देत नाही. पण विचारावेसे वाटते की हे उडीद होते की पाणी? प्राणवायू मागून मिळत नव्हता. वाहन मागून मिळाले नसते काय? या जिल्ह्यात ट्रॅक्टरांना काय तोटा आहे? टंचाई एका वस्तूची असते, आणि तिच्या आडून जे टंचाईत नव्हते तेही आपण सोडून देतो.

आता मुख्य गोष्ट. सिलिंडर कोणाला, हे ठरवायचे कोणी? कोणी म्हणेल, वारकऱ्याने भूतमात्री समभाव धरावा, माणसामाणसांत निवड करणे हाच अधर्म. पण निवड न करणे हीदेखील निवडच असते. आधी येईल त्याला द्यावे म्हटले तर ज्याच्या दारी जीप आहे तो आधी येतो; बालाघाटाच्या डोंगरातल्या वाडीवरची बाई शेवटी येते. फोनावर द्यावे तर ती येऊनही उपयोग नाही. समभाव म्हणजे दोघांकडे एकाच मापाने पाहणे. नेपोलियनच्या फौजेतील शल्यवैद्य लारे याने दोनशे वर्षांपूर्वी हुद्दा न पाहता जखम पाहून उपचाराचा क्रम लावला, तोही समभावच म्हणावा.

माप कोणते? उपचाराने जगण्याची आशा कोणाला अधिक, हे माप आम्हांला पटते. वयाचे पटत नाही. २०२० च्या मार्चात इटलीतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने अतिदक्षता विभागासाठी वयाची मर्यादा घालावी लागेल असे म्हटले होते. (आम्ही स्वतः पासष्टीचे आहोत, तेव्हा यात आमचा स्वार्थ आहे हे वाचकांनी धरून चालावे.) वयाने छाती दुबळी झाली असेल तर ती छाती पाहून ठरवावे, जन्मपत्रिका पाहून नको.

पण माप कोणतेही असो, ते संकटाच्या आधी ठरलेले, लिहिलेले आणि लोकांना सांगितलेले पाहिजे. निवाडाही उशाशी बसलेल्या डॉक्टरकडे नसावा. उपचार करणारा एक, ठरविणारे दुसरे दोन-तीन जाणते, अशी रीत जगात पुष्कळ ठिकाणी सुचविली गेली आहे. म्हणजे फोन आला तर डॉक्टरला म्हणता येते, "माझ्या हातात नाही." आणि पुढे आयुष्यभर आपण रागाने केले की शास्त्राने केले, हे मन चिवडत बसावे लागत नाही. त्या डॉक्टरांचे खरे दुःख हेच आहे. नियम नव्हता, म्हणून सगळा भार त्यांच्या हेतूवर पडला. आणि हेतू कोणाचा निर्मळ असतो हो, मध्यरात्री, तीन फोनांनंतर?

असे आधी ठरविणे आपल्या संप्रदायाला नवे नाही. आषाढी जवळ आली की पंढरीत देवाचा पलंग काढतात. शेजारतीसारखे उपचार थांबतात, देव रात्रंदिवस दर्शनाला उभा राहतो. नित्यपूजा आणि महानैवेद्य मात्र राहतो. काय सोडायचे, काय नाही, हे ठरलेले असते आणि साऱ्या गावाला ठाऊक असते. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शीण काढतात, पलंग आत येतो. आमच्याकडील कित्येक दवाखान्यांत पलंग निघाला तो निघालाच; अनुकल्प बारा महिने चालू आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने मराठवाड्याला एकदा शिकविले होते, ते आपण विसरलो. आणि त्या डॉक्टरांचा शीण कोणी काढला? लाट गेली, टाळ्या वाजल्या, कोणी त्यांना बसवून विचारले नाही.

म्हणून हा लेख लिहिण्याआधी आम्ही त्यांना फोन लावला. म्हटले, सिलिंडरापुरते आमच्या बुद्धीला तुमच्यावर पाप दिसत नाही. ज्यांनी तुम्हांला नियमावाचून एकटे ठेवले, तो भार त्यांचा, आणि आम्ही गावकरी त्यांत आलो. ते गप्प राहिले. मग आम्ही मंडपातच विचारायला हवे होते ते विचारले. त्या रात्री आजोबांच्या उशाशी कोण होते?

"कोणी नव्हतं, महाराज. सिस्टर एकच होती, ती बाईकडे होती. मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला त्यांनी माझा हात धरला होता, तो मी सोडवून घेतला."

यंदाच्या काल्याला ते येणार आहेत. आम्ही त्यांना आदल्या रात्रीच मुक्कामाला बोलावले आहे.