मुलांच्या खांद्यावरचे ओझे

न्यायासाठी मुलांना संकटात लोटावे काय, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात लिटल रॉक नावाचे मध्यम आकाराचे शहर आहे. तेथील सेंट्रल हायस्कूल ही १९२७ साली बांधलेली सरकारी शाळा. तीस वर्षे तीत केवळ गोरी मुले शिकली. वर्णावरून शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला, आणि सप्टेंबर १९५७ मध्ये नऊ कृष्णवर्णीय मुले या शाळेत जाण्यास निघाली. शांतता धोक्यात येईल, असे कारण देऊन गव्हर्नर फॉबस यांनी दारात राज्याचे सैनिक उभे केले.

४ सप्टेंबरला सर्वांनी मिळून जावे, असा निरोप आदल्या रात्री गेला होता. पंधरा वर्षांच्या एलिझाबेथ एकफर्डच्या घरी टेलिफोन नव्हता. ती एकटीच गेली. सैनिकांनी तिला अडवले आणि संतप्त जमाव शिव्याशाप देत तिच्यामागे लागला. अखेर अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कर धाडले, तेव्हा २५ सप्टेंबरला ती नऊ मुले संगिनींच्या पहाऱ्यात वर्गात पोहोचली.

विदुषी हाना आरेन्ट यांनी १९५९ साली आक्षेप घेतला, की मोठ्यांना जे साधले नाही, त्याचा भार मुलांवर का टाकावा? कोणाही आईबापाला हा प्रश्न पटेल. परंतु कादंबरीकार राल्फ एलिसन यांनी दाखवून दिले, की त्या आईबापांना धोका पुरता ठाऊक होता; जगात उभे राहायचे तर मुलांनी भीतीला सामोरे जायलाच हवे, हेही ते जाणत होते. आपण हे ओळखले नव्हते, असे आरेन्ट यांनी पुढे एलिसन यांना पत्राने कळवले.

ओझे त्या दिवशी नव्याने चढले नव्हते. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव वेगळ्या गोणपाटावर बसत, आणि शिपाई नसेल तर तहानलेले राहत. तेव्हा कोवळ्या खांद्यांची चिंता कोणी केली?

हे लिहिताना स्वतःची एक चूक आठवते. सेवाकाळात एका गावच्या शाळेत दलित मुलांचा पाण्याचा माठ वेगळा ठेवतात, अशी तक्रार माझ्या टेबलावर आली होती. ‘गावातील सलोखा पाहता तूर्त कार्यवाही नको’, असा शेरा मी लिहिला. त्या सलोख्यात ती मुले धरलेली नव्हती, हे मला फार उशिरा उमगले.

त्या नऊ जणांपैकी अर्नेस्ट ग्रीन मे १९५८ मध्ये पदवीधर होऊन शाळेतून बाहेर पडला. त्यानंतर गव्हर्नरांनी शहरातील सरकारी हायस्कुले १९५८-५९ चे संपूर्ण वर्ष बंद ठेवली. गोऱ्या मुलांचेही वर्ष गेले. अन्याय टाळण्याचे काम मोठ्यांनी पुढे ढकलले, की त्याची किंमत मुलेच मोजतात. म्हणून मुलांना पुढे का केले, हे आईबापांना विचारण्याआधी, ती पुढे येईपर्यंत आपण काय करीत होतो, हे आपण स्वतःला विचारावे.