साठीनंतरची घरपट्टी

ज्येष्ठ नागरिकांची घरपट्टी माफ करावी, हा विषय आमच्या ग्रामसभेत अधूनमधून निघतोच. काढणारे बहुतेक माझ्याच वयाचे असतात. मी पासष्टी ओलांडलीय, घर माझ्या नावावर आहे, म्हणजे माफी झाली तर फायदा माझाच. तरी त्या ठरावाला माझा हात वर होत नाही. का होत नाही, ते सांगतो.

आधी माफी मागणाऱ्यांची बाजू, कारण ती खोटी नाही. घर आहे म्हणजे पैसा आहे असं नव्हे. घर काही दळून खाता येत नाही. नोकरदाराला पेन्शन असते, शेतकऱ्याचे हातपाय चालतात तोवरच मिळकत. एकदा गुडघे बसले की पोरांच्या हाताकडं बघायचं. त्यात 2015 च्या अखेरीस नियम बदलले आणि घरपट्टी घराच्या भांडवली मूल्यावर बसायला लागली. लेकानं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधलं की आकारणी वाढते. म्हाताऱ्याच्या कनवटीला मात्र एक पैसा वाढत नाही.

आमच्या भावकीतले एक तात्या तर सरळ म्हणतात, "जलमभर भरली की रं! आता आनि किती दिस भरायची?"

ऐकायला हे पटतं. पण घरपट्टी म्हणजे सोसायटीचं कर्ज नव्हे, की हप्ते फिटले आणि बोजा उतरला. ती चालू सालाची असते. यंदाचा दिवा यंदाच्याच पैशानं जळतो, यंदाची गटार यंदाच उपसावी लागते. आणि गावातला दिवा हल्ली लागतो कुणाला? तरणी पोरं पुण्या-मुंबईला गेली. बारा महिने गावात राहतो तो म्हातारा. अंधारात बोळात पाय घसरून पडतो तोही म्हातारा. नळाला पाणी आलं नाही तर आडावरून कळशी आणायची ताकद नसते ती आमच्यातच. ग्रामपंचायत नीट चालावी ही गरज सगळ्यात जास्त आमची आहे.

दुसरी गोष्ट शहरातल्या माणसाला चटकन कळणार नाही. ग्रामपंचायतीचा नमुना 8 उघडून बघा. त्यात घरं कुणाच्या नावावर आहेत? निम्मी-अधिक घरं म्हाताऱ्यांच्या नावावर, काही तर मेलेल्यांच्या. आमच्याकडं बाप जिता असेतो घर लेकाच्या नावावर होत नाही, आणि गेल्यावरही वारसनोंदीला वर्षं लागतात. वयावर माफी दिली तर ट्रॅक्टरवाला, किराणा दुकानवाला, दोन मजले चढवलेला, सगळेच बापाच्या नावाआड बसतील. माफी म्हाताऱ्याच्या नावानं आणि फायदा धडधाकट पोराचा. मग भरणार कोण? ज्याला आईबाप नाहीत तो, आणि जी पोरंबाळं घेऊन एकटी राबते ती विधवा. तिची साठी अजून लांब असते.

पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे, असा दंडक आहे. उत्पन्न आटलं की हे वाटेही आटले. म्हणजे बागायतदार म्हाताऱ्याला दिलेली सूट एखाद्या पांगळ्या पोराच्या वाट्यातून जाते. हे दिसत नाही, म्हणून बोचतही नाही.

लोक एसटीचा दाखला देतात. 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्या माणसाला एसटीचा प्रवास फुकट आहे, मग घरपट्टी का नको? फरक असा, की एसटीच्या सवलतीचा पैसा सरकार महामंडळाला भरून देतं. सरकार तसंच पंचायतीला भरून देणार असेल तर बोलू. नाहीतर दानाचं पुण्य वरच्याला आणि तोटा गावाला. माजी सैनिकाला माफी मिळते, तिचं कारण त्याची सेवा. आम्हीही मातीत राबलो, पण राबणं सगळ्यांचंच असतं. साठ पावसाळे बघितले एवढ्यावर हक्क कसा सांगायचा?

तरीपण एक जागा अशी आहे, जिथं माझंही मन अडतं. आमच्या आळीत एक आक्का एकटी राहते. श्रावणबाळचे महिना 1,500 रुपये, त्यातच औषधपाणी आणि तेलमीठ. तिची घरपट्टी-पाणीपट्टी मिळून वर्षाला हजाराच्या आत, पण तिच्या हिशेबात ते पंधरवड्याचं जेवण. एकदा मीच तिला म्हणलं, "आक्का, तुझी माफ करा म्हणून अर्ज देऊ का?"

ती म्हणाली, "नगं बाबा. पावतीवर माझं नाव येतंय. ते बंद झालं तर पुतणं म्हणत्याली, हिचा घराशी काय संबंध?"

कायद्यानं ती पावती मालकीचा पुरावा नव्हे, हे मला माहीत आहे. तिला नसेल. पण तिनं सगळ्या पावत्या पत्र्याच्या पेटीत पिशवीत बांधून ठेवल्यात. घरात तिचं कुणी ऐकत नसलं तरी पंचायतीच्या कागदावर ती अजून घरधनीण आहे. तिच्या बोलण्यानं माझा विचार पक्का झाला. म्हाताऱ्या माणसाला गावाच्या हिशेबातून वगळणं म्हणजे मान देणं नव्हे. पट्टी भरणारा ग्रामसभेत उभा राहून "दिवा का बंद?" असं खणखणीत विचारतो. फुकट खाणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

पण म्हणून आक्काला उपाशी ठेवून वसुली करा, असंही नाही. सूट वयाला देऊ नये, अडचणीला द्यावी. एकटा राहतो, कमावतं कुणी नाही, सरकारी अनुदानावर चूल पेटते, एवढं ग्रामसभेनं बघावं. गावात कुणाची चूल कशी पेटते हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याची पट्टी नाममात्र करावी, आणि पावती त्याच्याच नावानं फाडावी. जिथं तेही झेपत नाही तिथं बाकी घरावर चढू द्यावी, माणसाच्या दारात तगाद्याला जाऊ नये. उद्या जो वारस म्हणून नाव लावायला येईल, त्यानं आधी ती फेडावी. घर पाहिजे तर घराचं देणंही पाहिजे. तसा नियम सरकारनं करावा, त्या ठरावाला मी दोन्ही हात वर करीन.

माझी पट्टी म्हणाल तर सप्टेंबरच्या आत भरतो. पहिल्या सहा महिन्यांत भरली की 5 टक्के सूट मिळते. तेवढी सूट मला पुरे आहे.