ओढण्याची कसोटी आणि गुंत्याचे अवयवी

अवयवांहून निराळा असा अवयवी, म्हणजे सबंध वस्तू, खरोखर असतो की तो अवयवांचा केवळ ढीग असतो, या वादात न्यायसूत्रांनी एक अगदी व्यवहारी पुरावा पुढे केला आहे: वस्तूचा एक भाग धरला किंवा ओढला की सगळी वस्तू धरली जाते, ओढली जाते, ढिगाच्या बाबतीत असे घडत नाही. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यात यावर हरकत नोंदलेली आहे. धरणे-ओढणे हे संग्रहामुळे, म्हणजे संयोगासोबत राहणाऱ्या आणि ओलावा, चिकटपणा यांतून येणाऱ्या एका गुणामुळे शक्य होते. लाखेने चिकटवलेले गवत आणि लाकूडही एकत्र ओढले जाते, म्हणून त्यांचा काही नवा अवयवी होत नाही.

या हरकतीत बळ आहे, पण एकत्र धरून ठेवायला काहीतरी चिकट लागते हे तिने गृहीत धरले आहे, आणि हे गृहीतक गुंत्याच्या जेलपुढे टिकत नाही. जेल म्हणजे पाणी धरून ठेवणारे, लांबलचक रेणुसाखळ्यांचे जाळे. एरवी या साखळ्या रासायनिक सांध्यांनी जोडतात. सांधे दाट केले तर जेल ताठ होते, पण दोन सांध्यांमधला साखळीचा तुकडा आखूड राहिल्याने चटकन चिरते. 2021 साली हार्वर्ड विद्यापीठातील झिगांग सुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडचे जेल बनवताना पाणी फार थोडे ठेवले आणि सांधणारे रसायन नाममात्र घातले. दाटीत वाढलेल्या साखळ्या एकमेकींत गुंतल्या, आणि मागाहून जेल पाण्यात फुगवले तरी विरळ सांध्यांनी त्यांना निसटू दिले नाही. ते ताठही निघाले आणि चिवटही, कारण एका साखळीवरचा ताण गुंत्यातून इतर अनेक साखळ्यांवर पसरतो.

गुंत्यात चिकटपणा कुठेच नाही. धागे एकमेकांच्या आरपार जाऊ शकत नाहीत, एवढेच. गुंत्याच्या जागेवर बोट ठेवू गेल्यास तेथे एकमेकांवरून गेलेल्या दोन साखळ्यांपलीकडे काही सापडत नाही, कारण बंधन त्या स्पर्शात नसून साखळ्यांच्या लांबीत आणि सबंध मांडणीत आहे. अवयवी मानणाऱ्या नैयायिकाला हे आवडावे, तो नाकारणाऱ्या बौद्धाला मात्र मांडणी ही वेगळी वस्तू कशी, असे विचारता येईल.

गुंता खरी अडचण उभी करतो ती काळाची. 1971 मध्ये पिएर-जिल द जेन यांनी दाखवले की गर्दीत अडकलेली साखळी आडवी सरकू शकत नाही, पण स्वतःच्या लांबीच्या दिशेने सापासारखी सरपटत बाहेर पडू शकते, आणि त्यांच्या सिद्धांतानुसार त्यासाठी लागणारा वेळ लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे सांधे मुळीच नसलेला गुंता झटक्याने ओढला तर एकसंध रबरासारखा वागतो आणि सावकाश ओढला तर द्रवासारखा वाहतो. तोच पदार्थ एका ओढीला अवयवी ठरतो आणि दुसरीला समूह. सूत्रांच्या कसोटीत मात्र ओढण्याच्या वेगाचा विचारच नाही.