एका पंगतीत वाढलेली माणसं

व्यक्ती मोठी की समाज, या वादाचं उत्तर मी साताऱ्याच्या एका वसतिगृहात शोधतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पाच वर्षांनी साताऱ्यात मुलांची राहण्याची सोय केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहं उभी केली होती. खेड्यातलं पोर शहरात टिकावं म्हणून तेव्हा ती हवीच होती. भाऊरावांनी त्यापुढचं पाऊल टाकलं आणि सगळ्या जातिधर्मांची मुलं एका छपराखाली आणली. झाडलोट, पाणी भरणं, स्वयंपाक, शेतातलं काम सगळ्यांनी मिळून करायचं आणि एकाच पंगतीत जेवायचं. गावोगावच्या बायाबापड्या मूठमूठ धान्य द्यायच्या. तेही पुरेना, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी स्वतःचं मंगळसूत्र दिलं.

जात हाही समूहच. पण पोरानं काय शिकावं, कुणासोबत जेवावं, हे ती त्याच्या जन्माआधीच ठरवून मोकळी होते. वसतिगृहाच्या समूहानं मुलाकडून घाम मागितला, त्याचं आयुष्य मात्र त्याच्याच हाती ठेवलं. तिथलेच बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मूठभर धान्य देणारीनं त्यांच्यावर हक्क सांगितला नाही, आणि ते धान्य खाल्लेल्या कितीतरी जणांनी पुढे त्याच संस्थेत आयुष्य घातलं. समाज आणि व्यक्ती यांचं नातं मला असं हवं आहे.

आज नीट आणि जेईईच्या शिकवणीवर्गात शेकडो मुलं खांद्याला खांदा लावून बसतात. शेजारच्याला गणित समजावलं तर आपला क्रमांक घसरेल, ही भीती त्यांच्या मनात आपणच घातली आहे. बरं, इतकं एकटं पाडून प्रत्येकाला स्वतःची वाट तरी सापडते का? तीही नाही, डॉक्टर किंवा इंजिनिअर, दोनच दारं. सोबतही गेली आणि वेगळेपणही. हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

पालकांना आणि शाळांना माझी विनंती आहे. वर्ग झाडणं, बाग राखणं, मागे पडलेल्याला शिकवणं ही कामं मुलांना करू द्या, त्यांचे गुणही धरा. आणि दहावीनंतर कुठे जायचं, हे एकदा त्यांनाच विचारा.